राब पेटवायच्या आधीची हाक

धूर दिसला की मी आधी वारा बघतो. मग माणसं बघतो. कोण कुठं उभं आहे, कुणाचं तोंड कुणीकडं आहे. जुनी खोड आहे, जात नाही.

फाल्गुन लागला की पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात ठिकठिकाणी धूर उभा राहतो. हमरस्त्याने गोव्याकडं जाणाऱ्या गाडीवाल्यांना वाटतं वणवा लागला. वणवा नव्हे, राब. भाताचं रोप जिथं टाकायचं तेवढा तुकडा पावसाळ्याआधी भाजून काढायचा, त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पाला, गवत, वर बारीक माती, आणि मग काडी. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप तरारून येतं. आता पिशवीतलं खत आलं, पुष्कळांनी राब सोडला. मी सोडला नाही. पिशवीत काय भरलंय ते मला कळत नाही. शेण कळतं.

काडी ओढायच्या आधी एक रीत आहे. बांधावर उभं राहायचं, तोंडाला हात लावायचे आणि वाडीकडं हाक द्यायची, "राब पेटवतोय रेऽऽ!" कुठल्या तरी घरातून "ओ" आली की मगच पेटवायचा. ज्याने ओ दिली तो त्या राबाला बांधला गेला. आग बांधाबाहेर सरकली तर हिरवी डहाळी घेऊन आधी त्याने धावायचं. सगळीकडं वाळकं गवत उभं असतं, त्यात माणसं एकमेकांच्या शेजारी आग लावतात, आणि तरी वाडी जळत नाही, ती ह्या ओमुळं.

मला ह्या रीतीचा भरवसा नाही. का नाही, ते पुढं येईल. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, लिहिताना पुढचं मागं होईल.

आमच्या घरची हाक बायको द्यायची. लग्न झालं त्या वर्षापासून. बाप्यांनी द्यायची हाक बाईमाणूस देतंय म्हणून पहिल्यांदा लोक हसले. तिने पर्वा केली नाही. पदर खोचून बांधावर चढायची, आणि तिचा तो बारीक आवाज ओढ्यापलीकडं जाऊन परत यायचा. ओ आली की माझ्याकडं न बघता म्हणायची, "लावा." गेल्या फाल्गुनातही म्हणाली. भाद्रपदात गौरी गेल्या, तिला ताप आला, आणि ती त्या तापातून उठली नाही. बाकीचं मला इथं लिहायचं नाही.

एवढंच लिहितो, की तिच्याबरोबर माझी हाक गेली. मी हाक मारत नाही. कुणालाच नाही. आमच्या पिढीत बायकोला नावाने कुणीच बोलवत नसे, पण "अगो" तरी म्हणत. मी तेही म्हटलं नाही. मी खाकरायचो. पाणी पाहिजे असलं की बारीक, जेवायला बसायचं असलं की जरा जोरात, दारात पाहुणा आला की दोनदा. तिला सगळी खाकरणी पाठ होती. शेजारी म्हणायचे ह्यांच्या घरात भांडण म्हणून ऐकू येत नाही. कसं येईल? भांडायला आधी बोलवावं लागतं.

ती गेल्यावर मी घरात खाकरत राहिलो. भांड्यांनी ऐकलं असेल.

कार्तिकात भात झोडून झालं होतं. पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन उतरत होतो. बांधावरनं पाय सटकला तो खालच्या करवंदीच्या जाळीत गेलो. घोटा गेला, उठता येईना. वर हातभरावर पायवाट. कुणीतरी दुधाचं कॅन वाजवत गेला. मागून दोन बाया आल्या, कुठल्याशा लग्नाच्या जेवणाला नावं ठेवत. भाजी खारट होती म्हणे, आणि जिलेबीत पाक नव्हता. मी पडल्या पडल्या सगळं ऐकलं. "अगो" एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. तोंड उघडलं. घशातून खाकरणं आलं.

"रानडुक्कर हाय गो!" एक बाई म्हणाली, आणि दोघी पळाल्या.

हसा. मलाही नंतर हसू आलं. तेव्हा नाही आलं.

उन्हं कलल्यावर परशुरामाची म्हैस पाला खायला जाळीशी आली आणि तिच्यामागं परशुराम. हा आमच्या वाडीतला, ओढ्यापलीकडं घर. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जातो, मोटरसायकलवरून, आणि उरलेल्या वेळात म्हैस बघतो. चाळिशीचा असेल. त्याने मला बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आबा! कदीपासून पडलाव? हाक मारायची ना वो!"

"तुला ऐकू आली नसती."

"पन मारली काय?"

मी अंगातले करवंदीचे काटे काढत राहिलो. त्याने मला पाठीवर घेतलं आणि चढण चढला. उपकारच केले. पण पाठीवर बसल्या बसल्या मी त्याचं नाक बघत होतो. सरळ, पुढं जरा वाकलेलं. त्याच्या आजाचं नाक. त्या आजाविषयीही सांगायचं आहे.

लेक महाडात असते, सुरेखा. ती मला घेऊन गेली. घोटा बरा होईपर्यंत तिच्याकडं. जावई पाळीला, नातवंडं शाळेला, मी खाटेवर. वाऱ्याबरोबर वसाहतीचा वास यायचा, कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी औषधासारखा. तहान लागली की मी खाकरायचो. लेक घाबरली. छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात नेलं, फोटो काढला. डॉक्टर उजेडात धरून म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. मग खोकता कशाला?"

"पाणी पायजे होतं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी लेकीकडं बघितलं. लेकीला तिथंच रडू फुटलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही मला जन्मात एकदा तरी हाक मारलीत काय? शाळेतनं उशीर झाला की आयेला सांगायचात, तुझ्या पोरीला बोलव. मला वाटायचं मी तुमची नायच." आणि मग डोळे पुसून, बापाची लेक ती, बापासारखंच तोडून बोलली. "आता असं हाय. घराला कुलूप लावायचं आनि कायमचं महाडला यायचं. नायतर डॉक्टर सांगतात तिकडं बोलायला जायचं, दर मंगळवारी. जो मानूस मरताना बी हाक मारनार नाय त्याला मी डोंगरात एकटा ठेवनार नाय. राब लावायच्या येळेला मी सोता येईन आनि तुमची हाक ऐकेन."

घर म्हणजे चार भिंती नव्हेत मला. तिची चूल तिथं आहे, तिने सारवलेला ओटा आहे, खुंटीला तिचं इरलं आहे. ते सोडून लेकीच्या खोलीत टीव्हीसमोर मरायचं? मी म्हटलं, जातो बोलायला. बोलायचं काय असतं त्यात.

दवाखान्याच्या टोकाला ती खोली. दारावर पाटी, समुपदेशन. वाचली आणि परत वळलो. ह्या वयात उपदेश कोण घेतो? लेक मागं उभी होती, म्हणून आत गेलो.

आत एक पोरगी. पंचविशीची, पुण्याकडची बोली. नाव सांगितलं, पण मी ताईच म्हटलं. मला तिचं एकूण एक संशयाचं वाटलं. आवाज हळू, तो कशाला? दार लोटून घेतलं, ते कशाला? मी खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली, दार दिसेल अशी. आपली खुर्ची तिने दारासमोरून सरकवली.

"ते पेन खाली ठेवा," मी म्हटलं. ठेवलं.

"फोन?"

तिने खणात टाकला. "खण उघडाच ठेवू? तुम्हाला दिसत राहील."

मनात म्हटलं, पोरगी पोचलेली आहे. विचारलं, "मी बोललेलं कुनाला सांगता?"

"तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर सांगावं लागतं. एरवी नाही."

हे मात्र बरं वाटलं. कुणालाच सांगणार नाही असं म्हणाली असती तर मी उठलो असतो.

"लोकांची रड ऐकून तुम्हाला काय मिळतं?"

"पगार," ती म्हणाली.

म्हणून बसलो. पण बोललो नाही. म्हणजे बोललो, भातावर. कोणतं भात पाणथळीत येतं, कोणतं वरकसाला, नाचणीला पाखरं कधी लागतात. ती ऐकायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं हे मला कळत होतं, आणि तिला कळत नव्हतं हे तीही लपवत नव्हती. मंगळवारामागून मंगळवार गेले. संक्रांत गेली. ओठाशी येई आणि परत फिरे. माझ्या डोक्यात एकच, हिच्याशी बोलणं म्हणजे कुणाला तरी पोचणं. महाडच्या दवाखान्यात आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं येतात. बाहेरच्या बाकावर कोण बसलंय, काय सांगावं?

तिच्या खिडकीत रंगाच्या जुन्या डब्यात एक कोरफड होती. उन्हाने लाल पडलेली. एका मंगळवारी मी ताईकडं पाठ केली आणि त्या कोरफडीला म्हटलं, "काय गो, तुला पानी घालनारं कोन नाय वाटतं? माज्यासारकीच तू."

मागं काही हालचाल नाही. मी तसाच उभा राहून कोरफडीशी बोलत गेलो. तिला सगळं सांगितलं. माणसाला सांगायचं नसलं आणि तरी त्याने ऐकावं असं वाटलं की काय करायचं, ते मला लहानपणी एका पोरीने शिकवलं होतं.

मी आठेक वर्षांचा असेन. माझ्या बाने एक चूक केली. बांधाचं भांडण होतं, भावकीतलं. अशी भांडणं देवळासमोर गावकीच्या बैठकीत मिटवायची. बाला वाटलं तिथं न्याय मिळणार नाही. तो सरळ महाडच्या कोर्टात गेला. बांध राहिला बाजूला. गावकीला डावलून कोर्टाची पायरी चढला, हा गुन्हा ठरला. परशुरामाचा आजा तेव्हा गावकीचा म्होरक्या. देवळासमोर उभा राहून त्याने सांगितलं, ह्या घराला वाळीत टाकलं. विस्तव नाही, पाणी नाही, शेतात सावडीची मदत नाही, बोलणं नाही. जो बोलेल तोही वाळीत.

आता त्याला कायदा आहे म्हणे, गुन्हा दाखल होतो. तेव्हा काही नव्हतं. आणि बाकीचं सोसता येतं हो. आय विहीर सोडून ओढ्यावरनं पाणी आणायची, बा एकटाच नांगर धरायचा. बोलणं बंद होतं ते कसं असतं, हे ज्याला झालं त्यालाच ठाऊक. काल ज्याच्या पाठीवर बसून विटीदांडू बघितला तो आज अंगावरनं गेला तर त्याची नजर माझ्यावरनं जायची, दगडावरनं जावी तशी. शाळेत मी बसलो की बाक रिकामा व्हायचा. मास्तर परगावचे, ते हजेरी घ्यायचे, माझं नाव यायचं तेव्हा मी "हजर" म्हणायचो. दिवसात तेवढाच एक शब्द मला घराबाहेर मिळायचा.

फाल्गुन आला. बाने राब रचला. रीत सोडायची नाही म्हणून बांधावर उभा राहिला, हाक दिली. ओ नाही. परत दिली. ओ नाही. सकाळ गेली. राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षभर खायचं काय? त्याने देवाचं नाव घेतलं आणि काडी ओढली.

दुपारी वारा फिरला.

आग बांधाबाहेर आली, गवताच्या उडवीला लागली, उडवीवरनं गोठ्याला. आमचा एकच बैल, आत बांधलेला. आय आणि बा डहाळ्या घेऊन आगीत. आय ओरडली, "पळ रे, वाडीला हाक मार!" मी पळालो. ज्या अंगणात जाईन तिथं उभा राहून ओरडलो, "आग लागलीय, या रेऽ!" दुपारची वेळ, माणसं घरातच होती. एका घरात कुणीतरी जेवत होतं, ताटात भात कालवल्याचा आवाज बाहेर येत होता. एका घराचं दार मी पोचता पोचता आतून लागलं. परशुरामाचा आजा ओटीवर बसून काथ्याची दोरी वळत होता. त्याने माझ्याकडं बघितलं. मी आधी त्याला तात्या म्हणायचो. "तात्या, आग!" तो दोरी वळत राहिला. त्याचे हात थांबले नाहीत.

परत आलो तर गोठा खाली बसला होता. आयेने मला दंडाला धरून हलवलं. तिचे केस जळले होते. म्हणाली, "नीट हाक मारलीस ना रे? नीट मारलीस ना?"

एवढं कोरफडीला सांगून मी थांबलो. खोलीत पंखा फिरत होता. मागनं ताईचा आवाज आला, हळू. "काका, ही कोरफड विचारतेय, बैलाचं नाव काय होतं?"

एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बाने कधी काढलं नाही, आयेने नाही. "चांद्या," मी म्हटलं. कपाळावर पांढरं होतं त्याच्या. आणि मग त्या परक्या खोलीत, परक्या पोरीसमोर, खिडकीची जाळी धरून मी म्हातारा रडलो. बायको गेली तेव्हाही असा नव्हतो रडलो. ताईने पाण्याचा पेला खिडकीत ठेवला. अर्धा मी प्यायलो, अर्धा कोरफडीला घातला.

रडलो म्हणून विश्वास बसला असं नाही. पुढच्या मंगळवारी मी भांडायलाच गेलो. "बोलून काय व्हतं? बैल उठतो काय?"

"नाही," ताई म्हणाली. "बैल नाही उठत."

"मग?"

"आईने विचारलं ना, नीट हाक मारलीस का? तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"काय देनार? नसंल मारली नीट. लोक आलं नाय त्या अर्थी."

तिने खुर्ची जरा पुढं ओढली. मग म्हणाली, "काका, हाक तुम्ही मारली होती. प्रत्येक अंगणात मारली होती. ती पोचली म्हणूनच तर दार लागलं."

गोड बोलली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी ते उलटंपालटं करून बघितलं, बाजारात वांगं बघतो तसं, कुठं कीड दिसते का. माझ्या डोक्यात तोवर असं होतं, की माझ्या हाकेत खोट आहे. मी हाक मारली की दारं लागतात, बैल मरतात. म्हणून गप्प बसणं बरं. हे मला स्वतःला कधी शब्दांत माहीत नव्हतं, पण अंग तसंच वागत आलं होतं. आणि ही पोरगी म्हणते हाक शाबूत होती, कान बंद होते. कीड सापडली नाही. त्यामुळं जास्तच राग आला. इतकं साधं होतं तर साठ वर्षांत कुणी का नाही सांगितलं?

त्या दिवशी लेकीकडं सरळ गेलो नाही. चवदार तळ्याच्या काठाला बसलो. मार्च होता, तळ्यावर माणसांची रीघ, निळे झेंडे, कडेवर पोरं, कुठून कुठून आलेली. पाण्याला हात लावून कपाळी लावत होती. मला ओढा आठवला. आमच्या वाळीतल्या दिवसांत आयेशी उघडपणे बोलणाऱ्या फक्त खालच्या बौद्धवाडीतल्या बाया. ओढ्यावर भेटायच्या, विचारायच्या, "काय वैनी, पोरगं बरं हाय ना?" त्यांना आमची गावकी आणखी काय वाळीत टाकणार होती? आमचे दोन पावसाळे. त्यांचे किती, ते त्या तळ्याला विचारा. आणि तरी वाळीतून परत घेतल्यावर आमच्या आयेने त्यांच्याशी बोलणं कमी केलं, हेही लिहून ठेवतो. माणूस असाच. बाकावर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्यासाठी सरकून जागा केली आणि विचारलं, "कुठलं गाव?" मी एरवी उत्तर देत नाही. त्या दिवशी सांगितलं. तोही पोलादपूरकडचाच निघाला.

आता त्या पोरीचं सांगतो, जिने मला शिकवलं.

ती आमच्या वाडीत मामाकडं राहायची, शेळ्या राखायला. माझ्याच वयाची. बोलायला बंदी तिलाही होती. पण शेळीशी बोलायला कुठं होती? मी ओढ्याच्या ह्या काठाला, ती त्या काठाला. ती आपल्या शेळीच्या गळ्यात हात टाकायची आणि मोठ्याने म्हणायची, "चंपे, उद्या मास्तर येनार नाय गो, शाळेला सुट्टी हाय." म्हणजे मला कळायचं. "चंपे, वरच्या आंब्याला कैऱ्या लागल्यात, कुनी काडल्या नाय अजून." मी जाऊन काढायचो. माझ्याकडं ती कधी बघायची नाही. मी पण बघायचो नाही. दोन पावसाळे मी त्या शेळीच्या नावाने जगलो.

गोठा जळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओढ्यावर आली. चंपीच्या पाठीत तोंड खुपसून बसली होती. म्हणाली, "चंपे, मामानं दार लावलं गो. मी आत व्हते. कडी माज्या हाताला पोचत नव्हती."

पुढं बाने देवळासमोर नारळ ठेवला, पाया पडला, गावकीने आम्हाला परत घेतलं. पुढं वयात आल्यावर बाने विचारलं कुणाची पोरगी बघू, मी म्हटलं मामाकडं शेळ्या राखते ती. तीच माझी बायको. सगळा जन्म एका घरात काढला आणि त्या दाराविषयी आम्ही एक शब्द बोललो नाही. ती बांधावर चढून हाक द्यायची ती माझ्यासाठी होती, की त्या कडीसाठी, हे विचारायचं राहून गेलं. ती असती तर विचारलं असतं का? ताईने हे मला विचारलं. मी म्हटलं, "नाय. खाकरलो असतो." ताई हसली. पहिल्यांदा मीही तिच्यासमोर हसलो.

ताईने मला सांगून बघितलं, बाहेर जा आणि तिथनं मला हाक मारा, सराव म्हणून. मी म्हटलं, "दवाखान्यात बोंबलू? लोकांना वाटंल मेलं कोनतरी." नाही मारली. ती म्हणाली, बरं. तिचं हे "बरं" मला शेवटपर्यंत कळलं नाही. जबरदस्ती न करणाऱ्या माणसाचा जास्त संशय येतो.

घोटा बरा झाला, तसं लेकीने मला राबापुरतं वाडीला सोडलं. गेल्या आठवड्यात राब रचून झाला. परशुराम वाटेत भेटला. "आबा, कदी लावताव? सांगा, त्या दिवशी पाळी बदलून घेतो." मी त्याच्या नाकाकडं बघितलं आणि म्हटलं, "बगू." सांगितलं नाही. सांगून ठेवलेली ओ ही ओ नव्हे. आणि खरं सांगायचं तर, तो येणार नाही हे मला आधीपासून धरून ठेवायचं होतं. न सांगितलेलं सोपं असतं.

सुरेखा आदल्या दिवशीच्या बसने आली. बोलल्याप्रमाणे ऐकायला. सकाळी आम्ही दोघं बांधावर. वारा पडलेला. गवतावर दव सुकत होतं. तिच्या हातात हिरवी डहाळी आणि काडीपेटी. माझ्याकडं बघून तिचं मन विरघळलं. म्हणाली, "बाबा, राहू दे. आयेची हाक मी मारते. तुम्ही फकस्त लावा."

"गप ऱ्हा," मी म्हटलं.

तोंडाला हात लावले. खाकरणं आलं. डहाळी हातात घट्ट धरून लेक वाट बघत उभी. पलीकडं वाडीतली निम्मी घरं कुलपातच, माणसं मुंबईला. उरलेल्यांची दारं उघडी होती. दार उघडं दिसलं की मला ते लागताना दिसतं, तसं तेव्हाही दिसलं. मी पुन्हा तोंड उघडलं.

"राब पेटवतोय रेऽऽ!"

कुणाचा आवाज तो, मला ओळखू आला नाही. बाचा वाटला. ओढ्याकडून परत आला, आणि मग काही नाही. कावळा उठला. काही नाही. मी तिथं नव्हतो, त्या ओटीसमोर होतो, आणि दोरी वळणारे हात दिसत होते. आयेने दंड धरला होता. नीट मारलीस ना रे?

मारली आये. नीट मारली.

"ओऽऽ!" ओढ्यापलीकडून. "लावा आबाऽ! हाय मीऽऽ!" परशुराम होता. बनियनवर, ओटीवर उभा. त्याच ओटीवर.

सुरेखा म्हणाली, "आली ओ. लावू?"

"थांब."

एक ओ चुकूनही येते. मी परत हाक मारली.

"ओऽऽ! काय वो आबाऽ?"

"काय नायऽऽ!"

तो पलीकडं हसला, ते इथवर ऐकू आलं. ओटीवरनं उतरून त्याने कुंपणाची डहाळी मोडून घेतली आणि ओढ्याच्या काठाला येऊन उभा राहिला. नाक आजाचंच आहे. ते बदलणार नाही, आणि मी त्याच्यावर नजर ठेवायची सोडणार नाही. पण डहाळी त्याच्या हातात होती.

मग मी शेजारी उभ्या असलेल्या लेकीला हाक मारली. नावाने.

"सुरेखाऽऽ!"

"काय ओ बाबा, कानात वरडताय! हिथंच तर हाय मी."

"काडीपेटी दे."